पीएच साडेसात अन् साडेआठ, मधात दहापट

परवा दर्यापूरकडच्या एका पोट्ट्यानं मातीचे दोन रिपोर्ट मोबाईलवर पाठवले आणि खाली लिहिलं, "काका, नदीकडच्या तुकड्याचा पीएच ८.६ आला, गावाजवळच्याचा ७.८. ०.८ चाच फरक हाय, म्हणजे दोन्ही जमिनी जवळपास सारख्याच ना? आन् दुसरं, बारावीत आम्ही लॉग टेबल पाहू पाहू गणितं सोडवली, पुढं ते कुठंच कामी नाही आलं, मंग शिकवतात तरी कायले?"

बाबू, तुझे हे दोन प्रश्न नाहीत, एकच आहे. पहिल्याचं उत्तर दुसऱ्यातच आहे. मी माती-पाणी तपासणीच्या कामात चोवीस वर्षं काढली, घरची कपाशी-तूर आहे, संध्याकाळी गावातल्या अकरावी-बारावीच्या पोरांना गणित सांगतो, त्यामुळे जरा लांबण लागेल पण नीट सांगतो, कारण ही गोष्ट समजली नाही म्हणून लोकं रिपोर्ट हातात असूनही चुकीचा अर्थ काढताना मी रोज पाहिले आहेत.

आधी लॉगचा बाऊ काढून टाक. आपल्याकडे हजार, लाख, कोटी म्हणतात ना, ते म्हणताना आपण काय करतो? शून्यं मोजतो. हजार म्हणजे तीन शून्यं, लाख म्हणजे पाच, कोटी म्हणजे सात. बस, हजाराचा लॉग ३, लाखाचा ५, कोटीचा ७. मधल्या आकड्यांना मधली किंमत, जसं २ चा लॉग ०.३०१०, ३ चा ०.४७७१, ५ चा ०.६९९०. म्हणजे लॉग सांगतो की १ पासून या आकड्यापर्यंत पोचायला दहापटीच्या किती उड्या माराव्या लागतात, पूर्ण उडी, अर्धी उडी, पाव उडी. गुणाकाराची बेरीज होते ती यामुळेच, कारण दोनपट केलं की ०.३०१० पुढं सरकलो, परत दोनपट केलं की अजून ०.३०१०, झालं ०.६०२०, आणि तोच ४ चा लॉग. साध्या पट्टीवर सारख्या अंतराला सारखी बेरीज असते, लॉगच्या पट्टीवर सारख्या अंतराला सारखी पट असते. एवढं एकच वाक्य डोक्यात ठेव, बाकी सगळं यातूनच निघते.

हे शोधलं जॉन नेपियर नावाच्या स्कॉटलंडच्या एका जमीनदारानं, १६१४ मध्ये त्याचं टेबल छापून आलं, त्यामागं त्याची वीसेक वर्षांची मेहनत होती. मग हेन्री ब्रिग्जनं दहाच्या पायावर ते बसवलं, आपण बारावीत वापरतो ते लॉग टेबल त्याच घराण्यातलं. तेव्हा ग्रहताऱ्यांच्या हिशोबात मोठमोठे गुणाकार हातानं करावे लागायचे, लॉगमुळे त्याची बेरीज झाली. आपल्या बोर्डात अजूनही फिजिक्स-केमिस्ट्रीच्या पेपरला कॅल्क्युलेटर चालत नाही, लॉग टेबल चालतं, त्यामुळे पोरांच्या डोक्यात बसतं की लॉग म्हणजे कॅल्क्युलेटर नसतानाचं जुगाड. ते काम तर संपलंच आहे, हे मी पण मान्य करतो. पण ज्या गोष्टी पटीनं वाढतात नाहीतर पटीनं वेगळ्या असतात त्यांच्याकडे पाहायची नजर म्हणून लॉगचं काम संपलेलं नाही, उलट आता जिकडंतिकडं आकडे झाले तर वाढलंच आहे.

आता तुझा रिपोर्ट घेऊ. पीएच म्हणजे काय तर पाण्यात हायड्रोजन आयन, म्हणजे आम्लपणा आणणारे कण, किती आहेत त्याचा शून्यांचा हिशोब. पीएच ७ म्हणजे एका लिटरमध्ये एका मोलचा (मोल म्हणजे कण मोजायचं रसायनशास्त्रातलं माप) कोटीवा भाग. कोटीला शून्यं किती? सात. पीएच ८ म्हणजे दहा कोटीवा भाग, पीएच ९ म्हणजे अब्जावा, म्हणजे शंभर कोटीवा. असे एवढाले लांब अपूर्णांक कोण लिहीत बसेल म्हणून सोरेन्सन नावाच्या शास्त्रज्ञानं १९०९ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत, ती बिअर बनवणाऱ्या कंपनीची प्रयोगशाळा होती, ही सोय काढली की फक्त शून्यांचा आकडा सांगा. म्हणून पीएच एकनं वाढला की आम्लपणा दहापट कमी. ०.३ नं वाढला की निम्मा, कारण २ चा लॉग ०.३०१०. आणि तुझ्या दोन तुकड्यांत ०.८, अँटिलॉग, म्हणजे लॉगवरून परत मूळ आकडा, पाहिला तर ६.३ येते. सहापटीपेक्षा जास्त फरक आहे बाप्पा, आणि तू म्हणतो जवळपास सारख्याच.

आता सहापटीनं पिकाले काय फरक पडते, हे पण पाहू. आपल्या काळ्या चुनखडीच्या जमिनीत जस्त आणि लोह मातीत असते पण मुळांना मिळत नाही, वरूड-मोर्शीकडच्या संत्र्याच्या बागेत नवी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या दिसतात ते बरेचदा याच्यापायी. रसायनशास्त्राचा हिशोब असा की पीएच १ नं वाढला की पाण्यात विरघळलेलं जस्त साधारण शंभरपट कमी होते आणि फेरिक लोह हजारपट. म्हणजे जस्ताला एका पीएचमागे लॉगच्या दोन उड्या, लोहाला तीन. तुझ्या ०.८ ला लाव, जस्ताच्या १.६ उड्या झाल्या म्हणजे साधारण चाळीसपट, लोहाच्या २.४ म्हणजे अडीचशेपट. प्रत्यक्ष शेतात सेंद्रिय पदार्थ, मुळांतून निघणारी आम्लं, शेणखत हे सगळं त्याला बऱ्यापैकी सांभाळून घेते, इतका भयानक फरक पिकात उतरत नाही, पण दिशा तीच. म्हणून एका तुकड्यात झिंक सल्फेट जमिनीतून दिलेलं लागू पडते आणि दुसऱ्यात तेवढंच टाकून पीक ढिम्म. मग शेतकरी म्हणते दुकानदारानं बनावट माल दिला. कधी दिलाही असेल, पण आधी पीएच पाहावा.

आणखी एक बारीक गोष्ट, जी मला रिपोर्ट देताना प्रत्येकाला सांगावी लागायची. त्याच कागदावर पीएचच्या खाली ईसी लिहिलेली असते, क्षारांची विद्युत वाहकता, डेसीसीमन प्रति मीटरमध्ये. ती लॉगमध्ये नाही, सरळ आहे. ईसी ०.४ ची ०.८ झाली म्हणजे क्षार दुप्पट. पीएच ७.८ चा ८.१ झाला म्हणजे आम्लपणा निम्मा. म्हणजे एकाच कागदावर एक ओळ पटीच्या पट्टीवर आणि दुसरी साध्या पट्टीवर, आणि कुठंच लिहिलेलं नसते की कोणती कशी वाचायची. मृदा आरोग्य पत्रिका २०१५ पासून वाटल्या गेल्या, गावोगाव लोकांच्या घरी आल्या, पण ही एक ओळ कोणी समजावून सांगितली नाही याचं मला अजूनही वाईट वाटते. लोकं दोन्ही आकडे एकाच नजरेनं वाचतात, ईसी ०.४ नं वाढली की आणि पीएच ०.४ नं वाढला की, त्यांना वाटते सारखंच झालं.

हो आणि मशीन पण लॉगच बोलते बरं का. पीएच मीटरची जी काचेची कांडी असते तिच्यात आम्लपणा दहापट बदलला की व्होल्टेज ठरावीकच बदलते, २५ अंशाला साधारण ५९ मिलिव्होल्ट. दहापट म्हणजे ५९, शंभरपट म्हणजे ११८. निसर्गानंच पटीची बेरीज करून ठेवली आहे, आपण फक्त वाचतो. रोज सकाळी ४, ७ आणि ९.२ च्या बफरमध्ये, म्हणजे ठरलेल्या पीएचच्या द्रावणात, कांडी बुडवून मीटर जुळवताना मला हे दरवेळी आठवायचं.

जैविक खताचं पाकीट पाहिलं का कधी नीट? रायझोबियमच्या पाकिटावर बारीक अक्षरात लिहिलेलं असते, एका ग्रॅममध्ये ५ गुणिले १० चा ७ वा घात इतके जिवंत जीवाणू, पातळ असेल तर मिलिलिटरमध्ये १० चा ८ वा घात. लोकं पुढचा ५ वाचतात आणि वरचा छोटा आकडा सोडून देतात, खरा माल तर त्या वरच्या आकड्यात आहे. ७ आणि ८ मध्ये दहापट, ६ आणि ८ मध्ये शंभरपट. उन्हात टपरीवर ठेवलेलं पाकीट ७ वरून ४ वर आलं तर पुढचा ५ तसाच आणि जीवाणू हजारातून एक उरला. पाकीट तेच, वजन तेच, किंमत तीच.

आता माती सोडून घरात ये. किराणा दुकानात जुने तराजू होते तेव्हाची वजनमापं आठव, ५० ग्रॅम, १००, २००, ५००, मग १ किलो, २ किलो, ५ किलो. १, २, ५, १० अशीच पुढं. कधी विचार केला का की १००, २००, ३००, ४०० अशी कायले नाही? कारण १ चा लॉग ०, २ चा ०.३०, ५ चा ०.७०, १० चा १. जवळपास सारख्या अंतराच्या पायऱ्या पडतात. थोड्याशा मापांत ५० ग्रॅमपासून ५ किलोपर्यंत सगळं तोलता येते. नोटा तशाच, १०, २०, ५०, १००, आणि मग सरळ ५०० होती, मध्ये पाचपटीचा खड्डा. २०१७ मध्ये २०० ची नोट आली तेव्हा नेमका तोच खड्डा भरला. बाजारात भाजीवाल्या बाईला ५०० दिले की सुट्ट्याची बोंब व्हायची, ती याच पायरीवरून.

आता सावकार. यावर मी जास्त बोलणार आहे कारण आपल्या भागात यानं घरंच्या घरं गेली.

शेकडा तीन म्हणजे महिन्याला शंभराला तीन रुपये. ऐकायला तीन. व्याज भरलं नाही, मुद्दलात चढलं, परत त्यावर व्याज, तर दुप्पट व्हायला किती महिने लागतील? २ चा लॉग भागिले १.०३ चा लॉग, ०.३०१० भागिले ०.०१२८, साडेतेवीस महिने. टेबल नसेल तर ७२ ला व्याजदरानं भाग, ७२ भागिले ३, चोवीस. हा ७२ चा तोडगा पण लॉगमधूनच निघाला आहे, २ च्या नैसर्गिक लॉगची किंमत ०.६९३, म्हणून खरं तर ६९ पाहिजे, पण ७२ ला २, ३, ४, ६, ८, ९, १२ सगळ्यांनी भाग जाते आणि साधारण व्याजदरांना उत्तर पण जवळ येते, म्हणून लोकांनी ७२ धरला. शेकडा पाच असेल तर चौदा महिन्यांत दुप्पट. आता पाच वर्षांचा हिशोब करू, साठ महिने, दहा हजार रुपये. शेकडा तीननं ते ५८ हजार ९०० च्या आसपास जातात. शेकडा पाचनं? लोकं म्हणतात तीनाचे पाच झाले, दीडपटीपेक्षा थोडं जास्त, म्हणजे लाखाच्या आत असेल. नाही. १.०५ चा लॉग ०.०२१२, साठनं गुणला की १.२७, अँटिलॉग १८.७. एक लाख ८७ हजार. माणसाचं मन बेरजेत चालते आणि व्याज पटीत चालते, त्या दोघांच्या मधात जी दरी आहे तिच्यात आपले लोकं पडतात. कोणी बेअक्कल नसते रे, कागद-पेन्सिल घेऊन पटीचा हिशोब कसा मांडायचा हे शिकवलेलंच नसते.

सवाई-दिढी तर अजून वाईट. पेरणीला एक पोतं धान्य नेलं आणि निघाल्यावर सव्वा पोतं दिलं ती सवाई, दीड पोतं दिलं ती दिढी. दिढीत दोन हंगाम फेडता नाही आलं तर दीडचा दीडपट, सव्वादोन. तीन हंगाम, जवळपास ३.४ पोते. सवाई वाटते साधी, पण ०.३०१० भागिले ०.०९६९ केलं की तीन हंगामांच्या थोडं पुढं दुप्पट. माझे आजोबा लॉग नाही शिकले पण त्यांना हे बरोब्बर माहीत होतं, ते म्हणत, "सवाईनं नेलेलं धान्य तिसऱ्या हंगामात दोन पोते मांगते." मोडी कागदावरचा त्यांचा हिशोब मी मोठेपणी लॉगनं पडताळून पाहिला, बरोबर निघाला.

भावाचं पण असंच. कापूस ८,००० चा १०,००० झाला, पेपरात आलं २५ टक्के वाढ. परत १०,००० चा ८,००० झाला, २० टक्के घट. पंचवीस चढला आणि वीसच उतरला तर मधले पाच कुठं गेले? कुठंच नाही, भाव होता तिथंच आला. टक्क्यात चढ आणि उतार जुळत नाही, लॉगमध्ये जुळते, चढताना ०.०९६९ आणि उतरताना पण ०.०९६९. म्हणून भावाचा कल पाहायचा असेल तर मी कधीच टक्के बेरीज करत नाही. हीच चूक हमीभावाच्या भाषणात होते. लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव २०१४-१५ ला ४,०५० होता, २०२४-२५ ला ७,५२१. वाढ साधारण ८६ टक्के, दहा वर्षांनी भागलं की ८.६ टक्के दरसाल, असं कोणीही सांगून मोकळं होते. खरा हिशोब कर, ७,५२१ चा लॉग ३.८७६३, ४,०५० चा ३.६०७५, फरक ०.२६८८, दहानं भागला ०.०२६९, अँटिलॉग १.०६४. दरसाल ६.४ टक्के. आता ही ६.४ खताच्या, मजुरीच्या, डिझेलच्या वाढीशी लावून पाहा, त्यांचाही हिशोब असाच काढून, मगच वाद घाल. ८.६ घेऊन वाद घातला तर पहिल्याच वाक्यात तुझा पाय घसरला.

ग्राफबद्दल सांगतो, हे मला कामात सगळ्यात जास्त उपयोगी पडलं. समज तू कपाशीच्या ठरावीक पानांवरचा मावा दर चार दिवसांनी मोजतो, आणि आकडे आले २, ५, ११, २६, ६०, ९५. साध्या कागदावर काढ. पहिले तीन आकडे जमिनीला चिकटलेले दिसतील, वाटते काहीच नाही, मग एकदम भिंत उभी राहते आणि आपण धावत फवारा काढतो. आता लॉग घे, ०.३०, ०.७०, १.०४, १.४१, १.७८, १.९८. पहिल्या दिवसापासून सरळ चढती रेघ आहे, म्हणजे मावा पहिल्या मोजणीपासूनच दरवेळी साधारण सव्वादोन-अडीचपट होत होता, एकदम काहीच झालं नाही. आणि शेवटची पायरी पाहा. २६ वरून ६० म्हणजे ३४ वाढले, ६० वरून ९५ म्हणजे ३५ वाढले, साध्या ग्राफवर वाटते तसाच जोर आहे. लॉगवर आधीची पायरी ०.३६, नंतरची ०.२०. रेघ वाकली. जोर निम्म्यावर आला, बहुतेक मावा खाणारे ढालकिडे कामाला लागले. इथं दोन दिवस थांबून परत मोजलं तर कदाचित फवारा वाचतो, आणि फवारला तर मावा पण मरतो आणि ढालकिडे पण. हा निर्णय साध्या ग्राफवरून घेताच येत नाही.

कामगंध सापळ्यांचं थोडं वेगळं आहे. गुलाबी बोंडअळीसाठी एका सापळ्यात रात्री आठ पतंग सलग तीन रात्री आले की धोक्याची पातळी समजतात, तिथं लॉग लावू नको, आकडाच पाहा. पण पाच सापळ्यांची सरासरी काढायची असेल तेव्हा लक्ष दे. समज २, ३, ४, ५ आणि एका सापळ्यात ३८०. साधी सरासरी ७९ च्या जवळ, जी त्या पाचातल्या एकाही सापळ्यासारखी नाही. लॉग घेऊन सरासरी काढली आणि परत अँटिलॉग केला तर साडेआठ. त्या साडेआठनं शेताचा सर्वसाधारण हाल कळते, आणि ३८० वाला सापळा वेगळा जाऊन पाहायचा, शेजारी जिनिंग आहे का, पऱ्हाटीचा ढीग लावला आहे का. साध्या सरासरीनं दोन्ही गोष्टी झाकून टाकल्या असत्या. सापळ्यात शून्य आला तर लॉग निघत नाही, म्हणून सगळ्या आकड्यांत १ मिळवून लॉग घेतात आणि शेवटी तो १ परत काढतात, कीटकशास्त्रात ही जुनी पद्धत आहे.

आवाज आणि मोबाईलचं पटकन सांगतो. डेसिबल लॉगमध्ये असते, १० वाढले की ध्वनीची तीव्रता दहापट, ३ वाढले की दुप्पट. नियमानं वस्तीत रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, लग्नातला डीजे १०५ वर गेला तर ६० चा फरक, म्हणजे दहा लाख पट. ४५ आणि १०५ वाचून वाटते दुपटीहून थोडं जास्त. कानाला दहा लाख पट मोठा ऐकू येत नाही कारण कान पण पटीतच ऐकते, पण कानाच्या आतल्या नाजूक पेशींवर मार बसतो तो खऱ्या तीव्रतेचा. मोबाईलच्या सेटिंगमध्ये सिग्नल उणे ७० डीबीएम, उणे ११० डीबीएम असा दिसते, तिथं ४० चा फरक म्हणजे दहा हजार पट कमी ताकद. माळवदावर चढलं की उणे १०५ चा उणे ९५ होते आणि फोन लागते, कारण दहापट झाला.

पण या सगळ्यात मला आवडते ती भजनी मंडळातली पेटी. खालच्या सा पासून वरच्या सा पर्यंत काळ्या-पांढऱ्या मिळून बारा पायऱ्या, आणि वरचा सा खालच्याच्या बरोब्बर दुप्पट कंपनांचा. प्रत्येक पट्टीला कंपनं १.०५९५ पट होतात, बारा वेळा गुणलं की २. म्हणजे पट्ट्या सारख्या अंतरावर आणि कंपनं पटीत. काळी एकवर चाललेलं असताना बुवा म्हणतात "काळी दोन घे", आणि सगळं भजन दोन पायऱ्या वर जाते पण चाल तशीच राहते, बिघडत नाही, कारण पट तीच राहिली. तो बुवा पेटीवर बोटं सरकवते तेव्हा तो लॉगची बेरीजच करत असते. पोरांना वर्गात लॉगचा नियम सांगण्याआधी मी पेटी आणून वाजवून दाखवतो, मग फळ्याकडं वळतो, त्या दिवशी मागच्या बाकावरचं पोरगं पण मान वर करून पाहते.

लॉग टेबलचा एक किस्सा आहे तो खरा आणि छापील आहे. १८८१ मध्ये सायमन न्यूकॉम्ब नावाच्या खगोलशास्त्रज्ञाच्या लक्षात आलं की लॉग टेबलच्या पुस्तकाची सुरुवातीची पानं जास्त मळतात, शेवटची कोरी राहतात. म्हणजे लोकांना १ पासून सुरू होणारे आकडे जास्त लागतात. १९३८ मध्ये फ्रँक बेनफर्डनं तऱ्हेतऱ्हेच्या आकड्यांच्या याद्या गोळा करून तेच दाखवलं, सुमारे ३० टक्के आकडे १ नं सुरू होतात आणि ९ नं फक्त साडेचार टक्के. विश्वास नाही बसत ना? सावकाराकडंच परत जा. शेकडा तीननं दहा हजाराचं कर्ज वीस हजार व्हायला साडेतेवीस महिने लागतात, तोवर आकडा सारखा १ नंच सुरू होते. नव्वद हजाराचं लाख व्हायला किती? साडेतीन महिने. दहा हजार ते लाख या सगळ्या प्रवासाला अठ्ठ्याहत्तर महिने, त्यातले साडेतेवीस १ च्या घरात, म्हणजे ३० टक्के. झालं. जे जे पटीत वाढते ते १ मध्ये जास्त रेंगाळते. म्हणून हिशोब तपासणारे लोकं खर्चाच्या मोठ्या यादीत पहिले अंक मोजतात, मनानं लिहिलेले आकडे बहुतेक सगळ्या अंकांत सारखे वाटलेले निघतात. त्यानं चोरी सिद्ध होत नाही, कुठं नीट पाहायचं तेवढं कळते. जनगणनेची गावांची लोकसंख्या घे आणि मोजून पाहा, एका दुपारचं काम आहे. एकाच हंगामातले कापसाचे भाव घेऊ नको, ते सगळे जवळजवळच्याच आकड्यांत फिरतात, माणसांचं वयही नको, तिथं हा नियम चालत नाही.

लॉग कुठं लावू नये हे पण सांगतो. जिथं बेरीज महत्त्वाची तिथं नको. एकरी उतारा, घरखर्च, किती क्विंटल विकलं, याला साधी पट्टी. कर्जाचा ग्राफ लॉगवर काढला तर दहा हजार आणि लाख यात एकच पायरी दिसते, बँकेसमोर ठेवायला बरं दिसेल पण फेडायचे तर नव्वद हजार जास्तच आहेत. कोणी लॉगचा ग्राफ दाखवला तर आधी बाजूचे आकडे वाच, १, १०, १००, १००० असे आहेत का. आणि कॉम्प्युटरवर करशील तर एक्सेलमध्ये लॉग लिहिलं की दहाच्या पायाचा मिळते, नैसर्गिक लॉगला एलएन लिहावं लागते, पण पायथन आणि आर मध्ये नुसतं लॉग लिहिलं की नैसर्गिकच येते. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात मी एका रोगाच्या वाढीचे आकडे अर्धे एकात आणि अर्धे दुसऱ्यात काढले, दोन गटांत २.३ पट फरक आला आणि आम्ही तिघं आठवडाभर शेतात त्याचं कारण शोधत फिरलो. १० चा नैसर्गिक लॉग २.३०३ असते, कारण तेवढंच होतं. तेव्हापासून वहीत प्रत्येक लॉगखाली पाया लिहून ठेवतो.

आता तुझ्या ८.६ च्या तुकड्याचं. नदीकाठ, खारपाणपट्टा, त्यात तू म्हणतो उन्हाळ्यात वर पांढरं दिसत नाही पण पाणी मुरत नाही आणि ढेकळं दगडासारखी होतात, म्हणजे मला ही क्षारापेक्षा सोडियमची भानगड वाटते. पुस्तकी हद्द अशी की पीएच ८.५ च्या वर आणि विनिमययोग्य सोडियम, म्हणजे मातीच्या कणांना चिकटलेलं, १५ टक्क्यांच्या वर गेलं की जमीन चोपण, पण आपल्या काळ्या चिकण मातीत निचरा त्याच्या बराच आधी बिघडायला लागते. त्यामुळे नुसत्या पीएचवर जिप्सम टाकू नको, पीएच फक्त कितीपट झालं ते सांगते, किती पोते लागतील ते मातीतलं सोडियम आणि चिकणमाती ठरवते, आणि तो हिशोब सरळ आहे, लॉगचा नाही. त्याच तुकड्यात आठ-दहा ठिकाणची वीतभर खोलीची माती घे, एकत्र मिसळ, अर्धा किलो पाठव आणि रिपोर्टमध्ये ईएसपी, म्हणजे विनिमययोग्य सोडियमची टक्केवारी, मागून घे. विहिरीचं पाणी पण एक बाटली दे, कारण तेच पाणी दरवर्षी देत राहिला तर जिप्समचा उपयोग दोन हंगामांत धुतला जाईल. तोवर त्या तुकड्यात जस्त जमिनीतून देऊन पैसे घालवू नको, फवारणीतून दे, ७.८ च्या तुकड्यात जमिनीतून चालते. आणि दोन्ही रिपोर्ट एका फाईलला लाव, पुढच्या वर्षी ८.६ चा ८.३ झाला तर तुले वाटेल काहीच फरक नाही पडला, तेव्हा ०.३०१० आठव.